पादचारी शून्य

"मधल्या तीनशे मीटरमध्ये पादचारी शून्य," इंजिनिअरसाहेबांनी नगरपालिकेच्या सभेत अहवाल वाचला. "तेव्हा त्या तुकड्यासाठी निधी देण्याची गरज दिसत नाही."

माझं डोकंच फिरलं. घाटाकडून येणारी नदीकाठची पायवाट काटेरी झुडपांपाशी संपते, बागेकडून येणारीही पलीकडे तशीच संपते. मधला तुकडा जोडून द्या म्हणून आम्ही पाच वर्षं उंबरे झिजवतोय. तोवर फिरायला निघालेल्या माणसाने तेवढ्यासाठी हायवेवर चढायचं आणि डंपर चुकवत चालायचं. कुमुदवहिनींना तो चुकवता आला नाही. त्या माझ्या शेजारीच मांडीवर कुबडी घेऊन बसल्या होत्या.

"मोजलं कोणी?" मी ताडकन उठले.

"आमचा माणूस दोन दिवस त्या झुडपांत बसला होता, काकू. एक माणूस फिरकला नाही."

"आणि तुमचा माणूस तिथे पोचला कसा?"

"होडीने सोडला त्याला," साहेब वैतागून म्हणाले. "त्या काट्यांतून चालत कोण जाणार?"

वहिनींनी कुबडी फरशीवर आपटली.

"हेच लिहा अहवालात, जसंच्या तसं. आणि खाली सही करा."