सदरासाठी फोटो

डोमाजींच्या अंगणात पाऊल टाकताच उत्तमरावांनी नाकाला रुमाल लावला. शेणाचा वास, ओट्यावर कापसाचा ढीग, ऐन दारात भरून कुलूप घातलेली पत्र्याची पेटी. हैदराबादेत ते चित्रपट हा विषय शिकवत, पटकथा लिहीत आणि दर रविवारी वर्तमानपत्रातल्या सदरातून पालकांचे कान उपटत. बेला गावाकडच्या या अडाणी सासऱ्याला त्यातलं काय कळणार?

बायको वारल्यावर पाच वर्षांपूर्वी त्यांनी मित्रा नावाच्या आपल्या मुलीला इथं आणून सोडलं होतं. आता संपादकांना सदरावर लेखकाचा मुलीसोबत फोटो हवा होता. म्हणून ते तिला न्यायला आले होते.

"पोरगी हो मनली तर घिऊन जा," डोमाजी म्हणाले. "मी आडवा येत नाई. पन पयले तिच्यासंग बोला."

"मुलांशी कसं बोलायचं ते मला शिकवू नका."

खाटेवर लाल फ्रॉकमधली मुलगी बोरं खात बसली होती. फ्रॉक त्यांनीच मागच्या महिन्यात पोस्टानं पाठवलेला. पोशाखावरून पात्र ओळखा, असं ते वर्गात नेहमी सांगत. पण पोरीकडे बघून त्यांचं डोकंच फिरलं.

"अकरा वर्षांची पोर आणि एवढीशी? दूध देता की नुसतं पाणी पाजता?"

डोमाजी काही बोलणार होते. पण पाणी घेऊन आलेल्या उंच मुलीनं मान हलवून त्यांना गप्प केलं. तिनं शाळेचे धुतलेले कपडे घातले होते आणि वेण्या घट्ट घातल्या होत्या.

"पेला धुतलाय ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"घासून आनला जी."

त्यांनी लाल फ्रॉकवालीला जवळ ओढलं. ती अंग चोरू लागली.

"बघा, गावंढळांत राहून बापालाही लाजते!" त्यांनी उंच मुलीच्या हातात कॅमेरा कोंबला. "हे बटण दाबायचं. आणि आधी ती पेटी हलव. फोटोत घाण दिसेल."

मुलीनं पेटी उचलून आत नेऊन ठेवली. परत येऊन ती कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिली.

"दाब की! एवढंही जमत नाही?"

बटण दाबलं गेलं.

"चल मित्रा, बस चुकेल," उत्तमराव म्हणाले. लहानगी हात सोडवून शेजारच्या घरात पळाली.

उंच मुलीनं कॅमेरा परत दिला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी धाडलेला फ्राक मले लहान झाला. मनून शेजारच्या ताराले देल्ला."