एक बादली जास्त

काटा साठ अंशांवर अडला तो अडलाच.

सव्वाअकरा वाजले होते. हॉस्पिटलच्या गच्चीवर ऊन नुसतं कोसळत होतं, उन्हावर वाफ करणाऱ्या यंत्राभोवतीचे आरसे लखलखत होते, तरी काटा हलायचं नाव घेईना. मेट्रननी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. यंत्राच्या ड्रममधलं हत्यारांचं पुडकं त्यांनी स्वतः बांधलं होतं आणि त्यावर तपासणीची पट्टी चिकटवली होती. पुरेशी गरम वाफ पुरेसा वेळ मिळाली, तरच त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात.

"रेघा आल्या तर यंत्र इथे राहील. नाहीतर संध्याकाळी गच्ची मोकळी करा," त्या म्हणाल्या. "आणि दोन वाजता शेजारच्या इमारतीची सावली येते, आधीच सांगून ठेवते."

"दोनच्या आत होईल, सिस्टर," यंत्र बनवणारी मुलगी म्हणाली.

सहा वर्षं तिनं यंत्रातल्या त्या एका काळ्या कापडापायी घालवली होती. कापडावर अर्धवाहकाच्या कणांचा थर होता. कण इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नसत. ऊन गिळायचं आणि कापडात शोषलेल्या पाण्याची तेवढी वाफ करायची, एवढंच त्यांचं काम, आणि ते काम ते चोख करत. मग आजच काय झालं?

ती वाकून काचेतून आत बघू लागली. कापडाचं फक्त टोक पाण्याला टेकायला हवं होतं. इथे अख्खं कापड बुडालं होतं.

"पाणी कोणी घातलं?"

कोपऱ्यात रिकामी बादली होती आणि बादलीशेजारी तिचे बाबा. पस्तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढलेला माणूस.

"मी," ते म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असा चेहरा. "तू यांना बोलवायला खाली गेलीस तेव्हा. तळाला बोटभर पाणी होतं गं! एवढ्याशा पाण्यावर कोणी वाफ धरतं का?"

मुलीला राग आला, चांगलाच आला.

"पाणी कमी पडलं की बॉयलर फुटतो," बाबा म्हणाले. "मी फुटलेला पाहिलाय. आणि तू नेमकी याच्या समोर उभी राहतेस."

तिचा राग तिथेच ओसरला.

"बाबा, हा बॉयलर नाहीच. इथे सगळं पाणी तापवायचंच नाही. बोटभरच लागतं." तिनं तळाचा नळ दाखवला. "जास्तीचं तुम्हीच सोडा."

पाण्याची पातळी त्यांनी उभ्या नोकरीत कधी खाली जाऊ दिली नव्हती. त्यांनी नळाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग मन घट्ट करून नळ सोडला. बादली भरली. काळं कापड वर आलं.

काटा ऐंशीवर गेला. मग शंभरावर. मग सरळ एकशे एकवीसवर जाऊन ठाम राहिला. मुलीला त्याचं नवल वाटलं नाही. मेट्रन मात्र खुर्ची ओढून, घड्याळ लावून बसल्या.

एक वाजता पुडकं बाहेर आलं. पट्टीवरच्या रेघा काळ्याभोर. मेट्रननी चष्मा पुसला आणि रेघा पुन्हा एकदा पाहिल्या.

"अजून तासभर ऊन आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरं पुडकं पाठवते. उद्या सकाळच्या ऑपरेशनचं आहे."

दुसरं पुडकं आत गेलं, काटा पुन्हा चढला. वाफ धरलेल्या बॉयलरकडे पाठ करायची नाही, हा बॉयलरवाल्यांचा नियम. ते जेवतातसुद्धा त्याच्याकडे तोंड करून. बाबांनी काचेतून आत डोकावून पाहिलं. तळाला बोटभर पाणी.

मग ते कठड्यापाशी गेले, यंत्राकडे पाठ करून बसले आणि त्यांनी डबा उघडला.

"ये, जेवून घेऊ," ते मुलीला म्हणाले. "त्याचं ते बघेल."