निनावी चोपडं

राजाच्या प्रधानाची टर उडवणारं एक निनावी चोपडं लंडनच्या कॉफीखान्यांतून मोठ्यानं वाचलं जात होतं आणि माणसं पोट धरून हसत होती. लिहिणारा सापडला की त्याला तुरुंग ठरलेला. तरी म्हातारा जेथ्रो पास्क आपण होऊन न्यायाधीशापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, ते मी लिहिलंय."

न्यायाधीश हसला. "अहो म्हातारबुवा, ते लिहिणारा पक्का चावट माणूस आहे. तुमचा चेहरा तर मयताहून आल्यासारखा! साक्षीला कोण आहे?"

"डॉर्कस, माझी बायको. आधी तिला वाचून दाखवायचो. ती हसली तरच छापायला द्यायचो."

"मग आणा की तिला."

"ती गेली, साहेब. आता हे कुणालाच माहीत नाही. म्हणून तर आलो."