पितरांचं भांडं

होईआनच्या लॉजमध्ये आम्ही हानोईचे सहा प्रवासी दोन दिवस माडीवर अडकलो होतो. पुराचं पाणी जिना चढत होतं. “मावशी, वाढतंय का हो पाणी?” मी तासातासाला विचारायचो. “दरवर्षीचा पाहुणा आहे. जाईल आला तसा,” लॉजवाल्या मावशी हसून वाटीत पेज वाढायच्या. माझी बायको वैतागायची. “किती डोकं खाल त्यांचं? जन्म पुरातच गेलाय त्यांचा.” दुपारी मावशी परत जिन्यात डोकावल्या. हात धुऊन पितरांच्या चौरंगापुढे तीनदा वाकल्या. “आईबाबा, रागावू नका, हलवते हं,” असं पुटपुटत राखेनं भरलेलं उदबत्त्यांचं भांडं उराशी धरून त्या शिडीनं माळ्यावर चढल्या. आमच्याकडे लग्न असो, मरण असो, ते भांडं कुणी जागचं हलवत नाही. बायकोनं माझं मनगट धरलं. “विचारा ना आता,” ती म्हणाली. मला विचारवेना.