हिकुरी का दिसत नाही

हिकुरी, म्हणजे देव दाखवणारा आमचा निवडुंग, शोधायला निघण्याआधी प्रत्येकाने शेकोटीपुढे आपल्या लफड्यांची नावं सांगायची. एकानेही नाव लपवलं, तर हिकुरी कुणालाच दिसत नाही.

माझ्या नवऱ्याने, युकायेने, तीन नावं सांगितली. त्यात माझ्या बहिणीचं नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्याच.

मी युकायेला गाठलं. “चौथी कोण रे? बोल की, शेकोटी अजून विझली नाही.”

“आईशप्पथ, तिघीच! डोकं नको खाऊस.”

हिकुरीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई माती चाचपून उठल्या. “कुणी काही लपवलेलं नाही. चोरांनी सगळा मुळासकट उपटून नेलाय. इथे आता पुन्हा उगवायचा नाही.”

म्हातारेकोतारेसुद्धा ढसाढसा रडायला लागले.

एकट्या युकायेचा चेहरा उजळला.