आमटीतलं मीठ

धर्माजीने आमटीभाताचा घास तोंडात घेतला आणि तसाच थुंकला. आज तर त्याने मीठ अगदी चिमूटभरच घातलं होतं, तरी खारटच. बायको, चांगुणा, वारल्यापासून एक दिवस आमटी धड झाली नव्हती. "चूल बंद करून कायमचा येतो तुझ्याकडे," असं त्याने सकाळीच लेकीला फोनवर सांगून टाकलं होतं.

शेजारची बायजावहिनी मागच्या दाराने आत आली. तिने आमटीत बोट बुडवून चाखलं.

"भावोजी, मीठ कशाला घातलंत?"

"मग काय साखर घालू?"

"अहो, आपल्या विहिरीत खाडी शिरलीय. उधाण आता पार वाडीपर्यंत येतं. प्यायला टँकरचं पाणी, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आम्ही बायकांनी आमटीत मीठ घालणं कधीच सोडलं. चांगुणा बोलली नाही?"

ती बोलली नव्हती. त्याचं जेवणही कधी बिघडलं नव्हतं.

बायजावहिनीने घरून कळशीभर पाणी आणून दिलं. यंदा वाडीने छपरांना पन्हळी लावून पावसाचं पाणी टाक्यांत साठवलं होतं. "यात करा. हे गोड आहे. आता मीठ लागेल."

वहिनी घरी परतल्यावर त्याने पुन्हा चूल पेटवली. डाळ चटकन शिजली. त्याने मिठाचा डबा उघडला.

"किती घालू गं?"

विचारून झाल्यावर तो भानावर आला. मग त्याने थोडं घातलं, चाखलं, पुन्हा थोडं घातलं. आमटी जमली होती, आणि 'जमली' म्हणायला घरात कोणी नव्हतं.