शेवटचा रकाना
आमच्या मराठी मंडळाच्या घटना दुरुस्ती समितीची खुली बैठक अबू हलीफातल्या एका इमारतीच्या तळघरात भरली होती. समितीप्रमुख खांबेटेसाहेबांनी नवं सातवं कलम वाचलं, "ज्याचा इकामा, म्हणजे इथला निवास परवाना, सहा महिन्यांच्या आत संपतोय, त्याला मतदान नाही." वर म्हणाले, "कुवेत सोडून जाणाऱ्यांनी आपले नियम कशाला ठरवायचे?" लोक हसले. मीही हसलो. हजेरीचा कागद रांगेतून आमच्याकडे सरकत होता आणि त्यातला शेवटचा रकाना होता इकामा संपण्याच्या तारखेचा. माझा याच अठ्ठावीसला संपत होता. कंपनीने दीड महिन्यापूर्वी नारळ दिला होता, नोकरीबरोबर माझा इकामा आणि त्याच्या आधारावर मिळालेला बायकोचाही जाणार होता. चारुताला मात्र मी सांगून बसलो होतो, की आपल्या दोघांचाही दोन वर्षांनी वाढला. खोटी तारीख लिहावी, तर खाली सही करायची होती. खरी लिहावी, तर बायको शेजारीच होती. कागद माझ्या मांडीवर आला. "पेन चालत नाहीये, दुसरं आणतो," असं पुटपुटत मी उठलो. चारुताने मनगट धरून मला खाली बसवलं आणि कागद स्वतःकडे ओढला. माझं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचं. शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे, जराही न अडखळता, अठ्ठावीस तारीख घातली. "तुला कधी कळलं?" मी हळूच विचारलं. "सही कर," ती म्हणाली. मग कागद पुढच्या रांगेत देऊन तिने हात वर केला. "खांबेटेसाहेब, सातव्या कलमावर मला बोलायचंय. मी जाणाऱ्यांपैकी आहे."